पाच हात ओटा आणि समुद्रफूल

शहापूरच्या बाजारपेठेत एका कौलारू घराच्या ओट्यावर माझा एक हात अजून बाकी आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. आमच्याकडे कापड, दोरखंड, कुंपण, सगळं त्यावर मोजत. ते घर कधीच पडलं, ओटाही गेला, तिथे आता सायकली दुरुस्त करतात. तरी माझा हात बाकी तो बाकीच.

संपादकांनी मला मीठ आणि सुक्या मासळीच्या धंद्याबद्दल लिहायला सांगितलं आहे. पण मिठाबद्दल काय लिहायचं? ते कोरडं ठेवायचं आणि गिऱ्हाइकाला भाव पाडू द्यायचा नाही, संपला धंदा. त्यापेक्षा ज्या मालाने दोन तालुक्यांत माझं नाव केलं आणि जन्माची तक्रारही पदरात टाकली, त्या मालाबद्दल लिहितो. तो माल म्हणजे समुद्रफूल.

माझा बाप मी लहान असताना गेला. मी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन धंदा सुरू केला, मग बैल घेतला, मग गाडी. मुरबाड, धसई आणि शहापूर, तिन्हीकडच्या बाजारांत बसायचो. भाव करायला शिकलो ते मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत, बैलबाजारात. तिथे दलाल तोंडाने आकडा बोलत नाहीत. हातावर उपरणं टाकतात आणि कापडाखाली एकमेकांची बोटं धरतात. तीन बोटं धरली तर तीन, अख्खा पंजा धरला तर पाच. शेजारी उभा असलेल्याला काही कळत नाही, आणि कापडाखाली जे ठरलं ते देवानेसुद्धा मोडायचं नाही. या विद्येत मला हरवणारा माणूस मी पाहिला नव्हता. बाई पाहिली, ती पुढे येईलच.

मी मुरबाडचा, पण माझी खरी अडचण होती शहापुरात. तिथे माझी जागा उघड्यावर होती. पावसाळ्यात मीठ पाणी धरतं, गोणीखाली ओघळ सुटतो आणि माल डोळ्यांदेखत रस्त्याने वाहून जातो. माझ्या समोरच एका घराला रुंद ओटा होता, वर पक्की कौलं. त्याचा डावा कोपरा दोन भिंतींच्या आडोशाला असल्यामुळे भर आषाढातही ठणठणीत कोरडा राहायचा. त्या कोपऱ्यावर मी डोळा ठेवून होतो. मालकीण होती आक्का, लहान चणीची विधवा म्हातारी, सोवळ्याओवळ्याची कडक. मी ओट्याला सावली जरी लावली तरी ती आतून ओरडायची, "गणपत, तुझा वास घेऊन पलीकडे हो!"

मग आक्कांचे धाकटे भाऊ आप्पा तिथे राहायला आले. आप्पांचा जन्म मुंबईच्या बंदरात, दीपगृहाच्या कचेरीत गेला होता. दम्याने छाती धरली तेव्हा डॉक्टरांनी समुद्राची दमट हवा बंद केली आणि कोरड्या मुलखात जा म्हणून सांगितलं. आले ते शहापूरला. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत. एकदा माझ्या मिठाचा खडा उचलून त्यांनी जिभेवर ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "आप्पा, मीठ फुकट चाखायला देतो, रडायला नाय देत."

ते हसले. म्हणाले, "अरे, मला समुद्राची सवय. निदान एक समुद्रफूल तरी जवळ असतं! कचेरीतल्या एका साहेबाच्या दिवाणखान्यात मी पाहिलं होतं, काचेच्या टाकीत. तुझं वसईकडे जाणं असतं ना?"

माझं जाणं असायचंच, सुक्या बोंबलासाठी. आणि समुद्रफूलही मला माहीत होतं. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत ते फुललेलं दिसतं. खाली मांसल देठ, वर पाकळ्यांसारखे मऊ धागे. लाट ओसरली की मिटून गोळा होतं. दिसायला शेवंती, पण झाड नव्हे, जनावर. एवढी शेवटची गोष्ट मी तेव्हा सांगितली नाही, कारण आक्का दारात उभी होती.

मी म्हटलं, "फूल आणतो. मोबदल्यात ओटा द्या."

"माझ्या ओट्यावर सुकट?" आक्का म्हणाली.

"सुकट बाजारातच ठेवतो, आक्का. वर फक्त मीठ. मिठाला कुठं वास असतो?"

"मिठाला नाही, तुला आहे."

आप्पा मध्ये पडले. म्हणाले, "फूल जगलं पाहिजे हो. पावसाळा काढून नारळी पौर्णिमेला जिवंत असलं तर ओट्याचं बघू." आक्का नाक मुरडून आत गेली. मी ती संधी साधली, खांद्यावरचं उपरणं आप्पांच्या हातावर टाकलं आणि खाली त्यांचा हात धरला. ओटा आठ हात लांब होता. मी आधी पंजा आणि मग तीन बोटं दाबली, म्हणजे आठ. आप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग माझा अख्खा पंजा घट्ट दाबून दोनदा हलवला. पाच! चेहऱ्यावर रेषाही हलली नाही. मनात म्हटलं, म्हातारा दिसतो गरीब, पण आहे पक्का. डाव्या कोपऱ्यापासून पाच हात मिळाले तरी माझं मीठ वाचत होतं. मी म्हटलं, "ठरलं?" ते म्हणाले, "ठरलं, ठरलं!"

ऐन उन्हाळ्यात मी फूल आणलं. आता ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. समुद्रफूल उपटायचं नाही. त्याचा तळवा खडकाला चिकटलेला असतो, तो फाटला की मेलंच समजा. ओळखीच्या कोळ्याकडून मी खडकाचा तुकडाच छिन्नीने काढून घेतला. त्याआधी एकेका फुलात बोट घालून पाहिलं. निरोगी फूल धाग्यांनी बोट धरतं, हलकंसं ओढतं. आजारी असेल तर हात ढिला सोडतं. थेट बैलबाजारच, फक्त कापडाऐवजी पाणी. ज्याने माझं बोट सोडायला नकार दिला तेच मी घेतलं.

दगडासकट फूल चिनी मातीच्या बरणीत ठेवलं, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. सोबत लाकडी पिंपं भरून समुद्राचं पाणी, कारण पावसात खाडीला गोडं पाणी उतरतं, तेव्हा ते काही कामाचं नाही. आगगाडीने आसनगाव, तिथून बैलगाडी. घरून रिकामी पिंपं घेऊन निघालो तेव्हाच माझी बायको म्हणाली होती, "अवो, जन्मभर मासळी सुकवून विकलीत, आता पाणी घालून वाढवताय होय? डोकं फिरलंय तुमचं."

आप्पांनी काचेची टाकी करून घेतली होती. ती ओट्यावरच्या खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवली, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारचा ताप लागणार नाही. वर सुती कापड ओलं करून झाकायचं, त्याने पाणी गार राहतं. पाण्यात हवा खेळती हवी म्हणून आक्काने स्वतःच युक्ती काढली. महादेवाच्या पिंडीवर टांगतात तशी मातीची गळती तिने टाकीवर टांगली. टाकीतलंच पाणी करवंटीने त्यात भरायचं आणि ते थेंब थेंब खाली पडायचं. युक्ती उत्तम, पण पंचाईत अशी झाली की रस्त्यावरून जाणारे खिडकीत गळती बघून हात जोडायला लागले. एका बाईने बेल वाहिला. मी पान काढलं तर माझ्याशीच भांडायला उभी, "देवाचं पान काढतोस? मेल्या, तुझं मीठ पाणी होईल!" होतच होतं, त्याला तिचा शाप कशाला हवा?

पहिले काही दिवस फूल छान उमललं. आप्पा खुर्ची ओढून समोर बसत. त्यांचा खोकलासुद्धा कमी झाल्यासारखा वाटायचा. मग फूल उपाशी दिसायला लागलं. त्याला ताजी कोळंबी लागते, बोटाच्या पेराएवढा तुकडा, आठवड्यातून एक-दोनदा. आता मला खरं सांगावंच लागलं. पण सांगण्याआधी करून दाखवावं म्हणून मी खिडकीतून काडीने तुकडा सोडला, आणि नेमकी आक्का मागे येऊन उभी राहिली. धाग्यांनी तुकडा धरला, मधे नेला, गिळला.

"आप्पा! हे फूल मासे खातंय!"

"समुद्रात काय वरणभात मिळतो का, आक्का?" मी म्हटलं.

"तू गप बस! फूल म्हणून खाटीक आणून बसवलास माझ्या घरात!"

आमचं जोरात जुंपलं. अर्धा बाजार गोळा झाला. आप्पा बिचारे धाप लागेपर्यंत दोघांना आवरत होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "आक्का, मला समुद्रावर जाता येत नाही गं." ती एकदम थांबली. मग निकाल दिला: मासळीने उंबरा ओलांडायचा नाही. गणपतने बाहेर ओट्यावर उभं राहून खिडकीच्या गजांमधून काडीने घालायचं, काडी बाहेरच फेकायची, आणि एकादशीला फुलालाही उपास. मी मान्य केलं. ओट्यावर पाय तरी ठेवायला मिळाला! पावसाळ्यात समुद्राची मासळी बंद, पण ओढ्याची झिंगी, म्हणजे गोड्या पाण्यातली बारीक कोळंबी, मिळायची, तीसुद्धा चालते.

खरं संकट आलं आषाढात. एका बाजारच्या दिवशी येऊन बघतो तर फूल आक्रसलेलं, रंग उडालेला, बोट घातलं तर धरेना. ओटा गेला, ही एक गोष्ट. पण आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते, जेवले नव्हते, ही दुसरी. मी आधी पाणी तपासलं. माझ्याकडे त्यासाठी औषधाची एक छोटी बाटली होती. तळाशी वाळू, वर बूच, गळ्याला दोरा. चांगल्या समुद्राच्या पाण्यात ती दोऱ्यापर्यंत बुडते. पाणी जास्त खारं झालं तर वर येते, गोडं झालं तर खाली जाते. बाटली बरोबर दोऱ्यावर उभी राहिली. मग काय बिघडलं? मी आप्पांवर ओरडलो, गळतीवर ओरडलो, बेल वाहणारीच्या नावाने ओरडलो.

आक्का शांतपणे म्हणाली, "ओरडून झालं असेल तर सांगते. पाणी उडून खाली गेलं की आपण गोडं पाणी भरतो ना? ते मी परवापासून देवघरातल्या तांब्याच्या हंड्यातलं घालतेय. म्हटलं, शुद्ध असतं."

"मग?"

"मग काय? ताक तांब्यात ठेवलं तर काय होतं?"

"कळकतं," मी म्हटलं.

"ताक कळकतं, तर हे नाही का कळकणार? ते तर नुसतं जिभेसारखं मऊ."

कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट-खारट ठेवलं की विष होतं, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक. पण समुद्राचा आणि ताकाचा संबंध लावायला आक्काच हवी होती. मी राखून ठेवलेलं पिंप फोडलं, सगळं पाणी बदललं आणि त्या दिवसापासून नियम केला: टाकीला माती, लाकूड, काच, एवढंच शिवेल. तांबं-पितळ जवळसुद्धा आणायचं नाही. पुढे मी ज्यांना ज्यांना फुलं विकली त्यांना हा नियम माझा म्हणूनच सांगितला. पुढच्या बाजारी फुलाने अर्धे धागे उघडले. आप्पांनी उठून दोन घास खाल्ले.

गोडं पाणीच का भरायचं, हे पुष्कळांना कळत नाही. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे मीठवाल्याला शिकवावं लागत नाही. मिठागरं चालतात कशावर? पण मुरबाडच्या एका भातगिरणीवाल्या शेटने नंतर माझ्याकडून फूल नेलं आणि पाणी कमी झालं की विहिरीच्या पाण्यात मूठभर मीठ कालवून भरत राहिला. फूल मेलं तेव्हा म्हणतो कसा, "तुझाच माल खराब. मीठसुद्धा तुझंच घातलं होतं." मी म्हटलं, "शेट, लोणचंच घालायचं होतं तर कैरी न्यायची होतीत." त्यानंतर त्याच्या गिरणीवर माझं भात कांडायला घेत नाहीत. नको घेऊ देत.

नारळी पौर्णिमा आली. मी धुतलेला सदरा घातला, नारळ घेतला आणि गाठी मारलेली दोरी खिशात टाकून शहापूरला गेलो. आप्पा खुशीत होते. मी म्हटलं, "फूल जिवंत. आता माझा पाच हात ओटा."

"पाच हात?" आप्पांना काही उमजेना.

"कापडाखाली तुमीच तर पंजा दाबलात!"

"अरे, तो तर मी शेकहँड केला! बंदरावर साहेबलोक करायचे तसा. मला वाटलं, तुलाही तशीच पद्धत."

मी कपाळावर हात मारला. ज्या सौद्याचा मी सबंध पावसाळा अभिमान बाळगला, तो समोरच्याने केलाच नव्हता! मी चिडून म्हटलं, "आमच्यात कापडाखाली हात दिला म्हणजे दिला. मोडायचा असेल तर चारचौघांत मोडा." बाजारातले चारचौघे आलेच होते, त्यांना सांगावं लागत नाही.

आक्का पुढे झाली. "आधी फूल जिवंत असल्याचं सिद्ध कर. कालपासून मिटलेलंच आहे. गोळा होऊन बसलंय."

"पोट भरलं की बसतं तसं. बोट घालून बघा. जिवंत असेल तर धरेल."

"मी? त्या मासेखाऊला शिवू?"

"मग म्हणू नका मेलं म्हणून."

लोक हसले. आक्काने पदर खोचला. टाकीवरच्या ओल्या कापडाचं टोक उचललं, हात खाली सरकवला आणि डोळे मिटून घेतले. आप्पा खुर्चीतून अर्धे उठले होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फुलाची खात्री नव्हती.

आक्काचे डोळे एकदम उघडले. "अगो बाई! धरलं रे, आप्पा! तान्ह्या पोरासारखं धरलंय!"

तिने हात काढला नाही. तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांत मी त्या बाईला हसताना पाहिलं नव्हतं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा मंडळी, कापडाखाली आक्कांचं बोट धरलं गेलंय. आता तरी सौदा झाला का नाय?"

बाजार खो खो हसला. आप्पा हसता हसता खोकले आणि खोकता खोकता पुन्हा हसले. आक्का म्हणाली, "झाला. पाच हात दिले." मी खिशातून दोरी काढली. माझ्या हाताच्या मापाने गाठी मारलेली, चांगली लांब. तिने ती बाजूला सारली. "दोरी कशाला? हात ठरलेत ना, हातानेच मोजू." आणि गुडघे टेकून बसली आणि स्वतःचा हात ओट्यावर ठेवून मोजायला लागली! कोपर टेकायची, बोटं पुढे करायची. तिचा हात मुळात लहान, त्यात बोटं वाकलेली, मधलं तर आकड्यासारखं. बरं, सुरुवात केली तीही उजव्या बाजूने.

"आक्का, हे काय? बोट सरळ करा की!"

"होत असतं तर केलं नसतं का?" ती म्हणाली आणि पुढे मोजत राहिली.

"आणि उजवीकडून का?"

"डावीकडून ठरलं होतं का? आणि हात कुणाचा, तेही कुठं ठरलं होतं?"

पाच हात संपले तिथून कोरडा कोपरा नेमका एक हात लांब राहिला. माझ्या हाताचे पाच असते तर पोचलो असतो. त्या कोपऱ्यात आक्काने दुसऱ्या दिवशी आपल्या लोणच्याच्या बरण्या मांडल्या. माझं मीठ पुढची सगळी वर्षं पागोळ्यांच्या तुषारात भिजत राहिलं, निम्मं का होईना. आणि दर बाजारी फुलाला भरवायचं काम मात्र माझ्याच गळ्यात, कारण ओट्यावर उभा राहणारा मीच. बैलबाजारातले दलाल मला कितीतरी वर्षं विचारायचे, "काय गणपतशेट, आज हात कुनाचा?"

आप्पा दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गेले. खिडकीजवळच्या खुर्चीत, फुलाकडे तोंड करून. आता आक्का टाकी काढून टाकेल असं मला वाटलं. पुढच्या बाजारी गेलो तर टाकीतलं पाणी स्वच्छ, गळती चालू, आणि फूल भरल्या पोटी मिटलेलं. मी विचारलं, "कोणी भरवलं?" आक्का म्हणाली, "तू उशीर केलास." काडी खिडकीच्या आतल्या बाजूला पडली होती. मासळीने उंबरा ओलांडला हे बोलून दाखवलं असतं तर तिने कोपरा दिला नसताच, वर पाच हातही काढून घेतले असते.

पुढे भाचे येऊन तिला पुण्याला घेऊन गेले. फूल तिने माझ्या स्वाधीन केलं. ती गाडीत बसत असताना मी शेवटचा प्रयत्न केला, "आक्का, जाता जाता माझा एक हात तरी सोडा." ती म्हणाली, "गणपत, तुझ्यासारखा भांडकुदळ माणूस मी पाहिला नाही," आणि गाडीवानाला म्हणाली, "हाक."

ते फूल मुरबाडला माझ्या खिडकीत राहिलं आणि चांगलं राहिलं. माझ्या बायकोने त्याला नाव ठेवलं होतं, जावई. खातो, मिटतो, काम करत नाही.

परवा मी दुकानाला नवीन ओटा बांधायला काढला. आक्काच्या ओट्यापेक्षा लांब, सगळा कोरडा, वर पत्रा. गवंड्याला म्हटलं, एक हात जादा धर. त्याने विचारलं, "हात कुनाचा धरायचा, शेट?"

"माझा," मी म्हटलं, आणि मोठ्या तोऱ्यात कोपर विटांवर टेकवलं.

तो दोरी घेऊन वाकला, माझ्या पंजाकडे बघून म्हणाला, "शेट, बोट सरळ करा."

मी मधल्या बोटाकडे पाहिलं. आकड्यासारखं.

"होत असतं तर केलं नसतं का?" मी म्हणालो.